सोलापूरच्या उन्हाळ्यात पीसी अचानक बंद पडतो: दोष नेमका कुठे शोधायचा

मार्च लागला की ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पीसी दिवाळीत जोडला, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पोरांनी त्यावर मनसोक्त गेम खेळले, काहीच अडलं नाही. आता मात्र दुपारी काम करता करता स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो. रात्री उशिरा तोच पीसी बिनतक्रार चालतो. दुकानात नेला तर तिथेही दिवसभर चालतो, कारण दुकानात एसी आहे आणि लाईटची लाइनही वेगळी आहे. मग ‘विंडोज नवीन टाकून देतो’ असं सांगितलं जातं, पैसे जातात, आणि घरी आल्यावर दोन दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं.

मी ज्या पीसीबद्दल लिहितोय तो आपल्याकडे बहुतेक घरांत असतो तसा: रायझन ५ ५६००जी किंवा आय३ १२१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, ग्राफिक्स कार्ड नाही किंवा असलंच तर जीटीएक्स १६५०. दिवसा टॅली, जीएसटीचं काम, कुणाकडे जॅकार्डचं डिझाइन. रात्री तासभर व्हॅलोरंट नाहीतर जीटीए. हा पीसी फार वीज खाणारा नाही. ५६००जी वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पूर्ण जोरात तो ८८ वॅटपर्यंत घेतो. १२१०० कमाल ८९ वॅट. १६५० कार्ड ७५ वॅटचं. तेव्हा ‘पीसीवर लोड जास्त झालाय, मोठं मशीन घ्या’ हा सल्ला लगेच मानू नका. माझं ठाम मत असं की सोलापुरात या दोषाचं मूळ विंडोजमध्ये क्वचितच असतं. ते खोलीतल्या हवेत, मागावरून उडणाऱ्या तुसात, इन्व्हर्टरच्या मागच्या एका बटणात किंवा जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यात असतं.

बंद कसा पडतो, ते आधी नीट बघा

पार्ट बदलायच्या आधी पीसी कोणत्या पद्धतीने मरतो ते एक-दोन वेळा लक्ष देऊन पाहायचं. याच्यात निम्मं निदान होतं.

आधी गेम अडखळायला लागला, माऊस जड झाला, पंखा ओरडायला लागला आणि मग बंद पडला, तर उष्णता. आजचे प्रोसेसर तापले की लगेच बंद पडत नाहीत, आधी स्वतःचा वेग कमी करतात. ५६००जी ची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, १२१०० ची १०० अंश. तिथे पोचेपर्यंत तुम्हाला अडखळणं दिसतंच.

काहीही न अडखळता, बोर्डाचं बटण कुणी बंद केल्यासारखा पीसी एका क्षणात गेला, तर वीज किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय). त्यातही गेल्यानंतर पॉवरचं बटण दाबून तो उठतच नसेल आणि पाच-दहा मिनिटांनी उठत असेल, तर एसएमपीएस स्वतः तापून संरक्षणात गेलेला असण्याची शक्यता मोठी.

निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा एसएसडीकडे बघायचं. पुष्कळदा निळी स्क्रीन इतकी झटकन जाते की दिसतच नाही. त्यासाठी विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका. मग निळी स्क्रीन आली तर ती थांबून राहते आणि मोबाइलवर फोटो काढता येतो.

दुसरी नोंद विंडोजच्याच ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळते, तिथे पीसीत काय घडलं ते वेळेसकट लिहिलेलं असतं. विंडोज लॉग्समध्ये सिस्टम उघडा, ज्या वेळेला पीसी गेला त्या वेळेजवळची ‘कर्नेल-पॉवर ४१’ नावाची लाल नोंद शोधा. ही नोंद दिसली की इंटरनेटवर लोक लगेच एसएमपीएस खराब ठरवतात. ती फक्त एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता पीसी गेला. खरी माहिती ‘डिटेल्स’मध्ये आहे: तिथे ‘बगचेककोड’ शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच पीसी गेला, म्हणजे वीज, एसएमपीएस किंवा पूर्ण गोठणं. शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेलेली आहे. वेळाही लिहून ठेवा. रोज दुपारी अडीचच्या आसपास जातो की पाण्याची मोटर लावल्यावर जातो, हे चार दिवसांच्या वेळा समोर ठेवल्या की आपोआप दिसतं.

उष्णता आणि तूस

प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे पात्यांचा हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समान काम असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच जास्त तापतो. डिसेंबरात खोली २६ अंशांवर असताना गेममध्ये ७६ दिसत होते, म्हणजे फरक ५० अंशांचा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या खोलीत ४० अंश असताना तोच प्रोसेसर ९० च्या घरात जाणार. यात पीसी बिघडलेला नाही, फक्त हिवाळ्यात जी मोकळीक होती ती संपली. त्यात धुळीने आणखी सात-आठ अंश भर घातली की मर्यादा गाठलीच. वरच्या मजल्यावर स्लॅबची खोली असेल तर त्रास दुपारऐवजी संध्याकाळी जास्त जाणवतो, कारण दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही खोलीत उष्णता सोडत असतो.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यात नोंद चालू करून अर्धा तास गेम खेळा आणि प्रोसेसरचा सर्वांत वरचा आकडा बघा. ८५ च्या आत असेल तर उष्णतेचा विषय सोडून पुढच्या भागाकडे जा. ९० च्या वर असेल तर कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा करा. झडप काढल्यावर दहा अंश उतरले तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच फरक पडला नाही तर दोष कूलरवरच आहे.

पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौकाच्या बाजूला, किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहत असाल तर कूलर उघडल्याशिवाय काही ठरवू नका. यंत्रमागावरून उडणारं सुती तूस साध्या धुळीसारखं वागत नाही. धूळ पसरून बसते. तूस धाग्याला धागा अडकवून पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये गच्च थर धरतं. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो, व्यवस्थित फिरतोही, पण खाली हवा जातच नाही. वरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट दाबून आत बसतो. पंखा हीटसिंकवरून सोडवावा लागतो, मग थर चिमटीत धरून अख्खा निघतो. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडे तूस कमी पण बांधकामाची आणि रस्त्याची धूळ भरपूर. ती ब्लोअरने निघते.

साफ करताना काही गोष्टी सांभाळा. पीसी पूर्ण बंद करून, वायर काढून, गच्चीवर किंवा अंगणात न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या जोराने तो वेगात फिरून त्याचं बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर वापरू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं. एसएमपीएस स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही धक्का देऊ शकतात. त्याला बाहेरूनच हवा मारा.

कूलर काढायची वेळ आली तर एएम४ सॉकेटच्या रायझनवर (५६००जी त्यातलाच) विशेष जपायचं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावलेली थर्मल पेस्ट वाळली की इतकी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार पिना दाबून बसवायच्या असतात, आणि त्यांतली एखादी अर्धवट बसणं हा मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला दोष आहे. चारही पिना मदरबोर्डाच्या मागच्या बाजूने आरपार आलेल्या दिसल्या पाहिजेत. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते.

जागेचंही बघा. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला पीसी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. मागे भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, फरशीवर ठेवत असाल तर खाली लाकडी पाट द्या. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं मात्र चूक. ओली हवा धुळीला चिकटवते आणि पात्यांवर तिचा चिखल वाळून बसतो. कूलर खोलीत असू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा, झोत माणसावर घ्या.

एवढं करूनही मे महिन्यात आकडा वरच राहिला तर एक बिनपैशाचा उपाय आहे. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ला बांधा. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर त्यापुढच्या फ्रेम दिसतही नाहीत, फक्त उष्णता वाढवतात. आणि ५६००जी ला बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) ४५ वॅटवर चालवता येतं. टॅली आणि डिझाइनच्या कामात फरक कळत नाही, गेममध्ये किंचित कळतो, आणि तापमान चांगलंच उतरतं. जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा ६५ वर न्या.

लाईट, इन्व्हर्टर, यूपीएस

पीसी न अडखळता एका क्षणात जात असेल तर आधी घरातल्या इन्व्हर्टरच्या मागे जा. बहुतेक इन्व्हर्टरला तिथे एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मल मोडमध्ये व्होल्टेज फार खाली गेलं तरी इन्व्हर्टर लाईटच पुढे पाठवत राहतो, आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. पंख्या-दिव्यांना ते चालतं. एसएमपीएस मात्र वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरेल असा बनवलेला असतो. तेवढ्यात वीज आली नाही तर पीसी गेला. बटण यूपीएस मोडवर करा. पुष्कळ घरांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा असेल तर पीसी त्यावर ठेवूच नका.

वेगळा यूपीएस असेल तर त्याची परीक्षा साधी आहे. सगळं काम सेव्ह करा, गेम चालू करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पीसी रिकामा असताना टिकतो आणि गेम चालू असताना जातो, तर बॅटरी थकली आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो आणि त्यातही मॉनिटर जोडलेला असतो. या बॅटऱ्या लेड-ॲसिड असतात. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पुण्यात जी बॅटरी तीन वर्षं चालते ती आपल्याकडे पत्र्याखाली दीड वर्षात जाऊ शकते, आणि ती नेमकी उन्हाळ्यातच जाते. यूपीएसमधून दिवसभर टक-टक आवाज येत असेल तर तो व्होल्टेजचे चढउतार सावरतोय, म्हणजे लाइनच ढिली आहे. तसं असेल तर मल्टिमीटरने दुपारी तीनला आणि रात्री अकराला व्होल्टेज मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा. पीसी ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर डेझर्ट कूलर किंवा मिक्सर असेल तर तो आधी दुसरीकडे न्या. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं.

एक्स्टेन्शन बोर्डही तपासा. पिन ढिली बसत असेल, बोर्ड गरम लागत असेल किंवा आतून चरचर ऐकू येत असेल तर तो टाकून द्या. थेट भिंतीच्या सॉकेटवर दोन दिवस पीसी चालवून पाहा.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा सोडा, बाजूचं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. ८९ आणि ७५ मिळून १६४ झाले, त्यात पंखे आणि मदरबोर्ड आले की काठावर आलात. हिवाळ्यात काठावर चालतं. उन्हाळ्यात तापलेला एसएमपीएस आपला लिहिलेला आकडाही देऊ शकत नाही, आणि दुपारी अडीचला गेममध्ये तो हात टेकतो. लेबलवर इनपुट २००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर लाईट १८५ वर आल्यावर तो तग धरेलच असं नाही. १००-२४० लिहिलेला एसएमपीएस हे सहज पचवतो आणि त्याला वेगळा स्टॅबिलायझरही लागत नाही. खात्रीची चाचणी एकच: मित्राच्या चालू पीसीतला चांगला एसएमपीएस आणून आपल्याकडे, आपल्याच वेळेला, आपल्याच सॉकेटवर लावून बघणं.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात?

तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा प्रवाह अर्थच्या वायरीत सोडतात. अर्थ जोडलेलीच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर साठतो आणि टेस्टर लावला की दिवा लागतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण त्यामुळे यूएसबी तुटतो, हेडफोनमध्ये गुणगुण येते आणि कधी कॅबिनेटला हात लागताच पीसी रीस्टार्ट होतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये घातला असेल तर तिथेच अर्थ तुटली. तो आजच काढा.

आपल्याकडची गोष्ट अशी की जमीन काळी आहे. पावसाळ्यात ओलावा धरते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या प्लेटपासून माती सुटते. जी अर्थिंग ऑगस्टमध्ये उत्तम असते तीच मे महिन्यात नावापुरती उरते. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला पाणी सोडायला हवं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे हे जड जातं हे खरं, पण बोअरचं किंवा भांडी धुतलेलं पाणीही चालतं. जुन्या पेठांतल्या काही वाड्यांत अर्थची वायरच ओढलेली नाही. नळाच्या पाइपला जोडायची जुनी पद्धतही आता उपयोगाची नाही, कारण पाइप प्लास्टिकचे झाले.

वायरमनला बोलावून सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचं माप दहा-वीस आलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिला आहे. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टवर येतं, आणि त्याला घरातलं लहान मूलही हात लावतं.

उरलेलं थोडक्यात

निळी स्क्रीन येत असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने पुसा, कणी झटका, पुन्हा टक आवाज येईपर्यंत बसवा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर दोन दिवस बंद ठेवून बघा. तरीही येतच असेल तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एकही चूक दाखवली तर ती रॅम वॉरंटीत द्या. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत कायमची एकच रॅम ठेवू नका, गेमचा वेग लक्षणीय पडतो. दर वेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

नवीन जोडणार असाल तर

मुलं कॅबिनेट काचेचं आणि रंगीत दिव्यांचं मागतात. पुढून काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा यायला जागाच नसते. पुढे जाळी आणि जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट घ्या. पूर्व भागात तो फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागेल, पण तूस कूलरपर्यंत पोचणार नाही. वाचलेले पैसे एसएमपीएसवर टाका: ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याची खूण), ४५० ते ५५० वॅट, इनपुट १०० पासून. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल, एसएमपीएसमध्ये काटकसर नको. रायझन ५ ५६००जी सोबतचा कूलर सोलापूरच्या हिवाळ्याला पुरतो. उन्हाळ्यासाठी साधा टॉवर कूलर घ्यावा हे माझं मत, फक्त मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारच्या भागांना हीटसिंक नसेल तर कॅबिनेटला मागे एक पंखा हवाच, कारण टॉवर कूलर खाली हवा मारत नाही.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर नुसतं कॅबिनेट उचलून नेऊ नका. घरचीच पॉवर वायर, यूपीएस आणि लिहिलेल्या वेळांचा कागद सोबत न्या. तिथे त्यांच्या एसएमपीएसवर अर्धा तास गेम चालवायला सांगा, मग तुमच्यावर. दोन्हींवर चालला, तर त्यांचा एसएमपीएस अनामत रक्कम ठेवून दोन दिवसांसाठी मागा आणि घरी दुपारी अडीचला लावून बघा. त्यावरही गेला, तर पीसी परत दुकानात नेऊ नका, वायरमनला फोन करा.